वाडे सरकार घेणार? नाही हो भाऊ

जळगाव-धुळ्याकडे मेसेज फिरतोय की 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली सरकार गावोगावचे जुने वाडे, गढ्या ताब्यात घेऊन वृद्धाश्रम काढणार, तर भाऊ तसं काही त्या कायद्यात नाही. कलम 19 एवढंच म्हणतं की राज्य सरकार दर जिल्ह्यात किमान 150 निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम काढू शकतं, खाजगी वाड्याचा त्यात शब्दही नाही. मेसेजात इंग्लंडचं उदाहरण दिलंय ते खरंय, तिकडे जुन्या जमीनदारी हवेल्यांचे म्हाताऱ्यांसाठी फ्लॅट होतात, पण रीतसर विकत घेऊन अन इमारत लिस्टेड (म्हणजे सरकारच्या वारसा यादीत) असली तर वेगळी परवानगी काढून. आपल्याकडे कोणी स्वतःहून वाडा दिला तरी धाब्याच्या घराचे ते अरुंद उभे जिने, उंच उंबरे, मागच्या अंगणातला संडास, कसं करायचं गुडघे गेलेल्या माणसानं? महारेराच्या (घरबांधणी प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) 2024 च्या नियमांत ज्येष्ठांसाठी म्हणून विकायच्या मजली इमारतीला लिफ्ट, व्हीलचेअरचा रॅम्प लागतो, माती-लाकडाच्या भिंतीत बसवा बरं लिफ्ट. आणि हो, सांभाळायच्या अटीवर पोराला बक्षीसपत्र करून दिलं अन तो बघत नसेल तर न्यायाधिकरणाकडून ते रद्द करून घेता येतं, ह्याच कायद्याचं कलम 23, ते मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही.