राण्या नुसत्या सोसत नव्हत्या

लेख आवडला, पण महाभारतातल्या राण्या म्हणजे सगळ्या सोसणाऱ्या, हे काही पटलं नाही बुवा. सत्यवती घ्या ना. तिचा मुलगा विचित्रवीर्य मूलबाळ न होता वारल्यावर गादीचं काय करायचं हे ठरवलं तिनेच, सुनांना मुलं व्हावीत म्हणून भीष्माला गळ घातली, तो नाही म्हणाला तर आपल्या थोरल्या मुलाला, व्यासाला बोलावून घेतलं, म्हणजे कुरुवंश पुढे चालला तो तिच्या डोक्याने. अर्थात त्यात त्या सुनांना, अंबिका-अंबालिकेला कोणी विचारलं नाही हेही खरंच, सत्ता बाईच्या हातात आली म्हणजे बाकीच्या बायकांचं भलं होतंच असं नाही. आणि कुंती! उद्योगपर्वात ती कृष्णाबरोबर मुलांना निरोप धाडते आणि त्यात विदुलेची गोष्ट सांगते, हरून येऊन पडलेल्या पोराला ती राणी अशी काही झापते की बस, नुसतं धुमसत राहण्यापेक्षा घटकाभर पेटून उठ म्हणते. ही गोष्ट आमच्याकडे कीर्तनात कधीच ऐकली नाही मी, वस्त्रहरण मात्र दर वेळी.

त्यावरून आठवलं, आपल्या इथल्या, पुण्यातल्या लॉ कॉलेज रोडवरच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ एवढी वर्षं खपून महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती, म्हणजे जुन्या हस्तलिखितांशी ताडून ठरवलेला पाठ, काढली, तिच्या मूळ पाठात द्रौपदीने कृष्णाचा धावा केल्याचा भाग नाहीये, तो खाली तळटीपांत गेलाय. उरतो तो तिचा प्रश्न, धर्मराज आधी स्वतःला हरला होता की मला? एकदम कायद्याचा पॉइंट, आणि भीष्मासारखा माणूस धर्म सूक्ष्म आहे म्हणून हात वर करतो. त्या रस्त्यावरून जाताना दर वेळी हे आठवतं आणि हसू येतं.