वटला नाही हो!

वडिलांचं सहस्रचंद्रदर्शन होऊन आठ दिवस झाले होते. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रात चार पोळ्या घ्यायला गेलो, तर रांगेत सात-आठ जण. काकूंनी झारा खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि आजाऱ्याची चौकशी करावी अशा मायाळू आवाजात विचारलं, "अहो, तुमचा चेक वटला नाही हो. घरी सगळं बरं आहे ना?"

रांग गप्प झाली. कढईतली भजी तेवढी बोलत होती.

कार्यक्रमाचं जेवण काकूंकडेच सांगितलं होतं. अळूची भाजी, मसालेभात, जिलबी, मठ्ठा; 65 ताटं, ताट 420 रुपये, एकूण 27,300. मी फोनवरून पैसे पाठवणार होतो, पण वडील म्हणाले, "चेक दे. पुरावा राहतो." राहिला.

खात्यात 27,324 रुपये होते. चेक पोचायच्या आदल्या दिवशी बँकेने डेबिट कार्डाचे वार्षिक शुल्क म्हणून 236 कापले. कमी पडले 212. आमचा वाणी असता तर "असू द्या, पुढच्या वेळी द्या" म्हणाला असता. बँकेचं तसं नाही. तिने 212 रुपये नाहीत म्हणून चेक परत पाठवला आणि त्याबद्दल माझ्याच खात्यातून 590 घेतले. म्हणजे आता 802 कमी. काकूंच्या बँकेनेही त्यांचे 118 कापले. ज्या बाईने वाढलं, तिलाच दंड!

काकूंचा भाचा वकील. तो नेमका तिथेच बटाटेवडा खात उभा होता. घास गिळून त्याने मला, म्हणजे पर्यायाने अख्ख्या रांगेला, कायदा समजावला. कायदा 1881 चा, पण न वटलेल्या चेकला गुन्हा करणारं कलम 138 त्यात 1989 साली आलं. बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे, नाही दिले तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार. "दोन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण आपल्यात कुठे तेवढं येतंय," असं म्हणून त्याने दुसरा वडा मागवला. पैसे दिले नाहीत. त्याला कुणी काही म्हणालं नाही.

घरी सांगितलं. बायको म्हणाली, "आता मी तिथे भाजी आणायला जाणार नाही." वडिलांनी चष्मा पुसत हिशेब केला. "दुप्पट म्हणजे 54,600. म्हणजे 130 ताटं. एवढी माणसं तरी आहेत का आपल्याकडे?" मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. "हजार चंद्र बघितले. पण आपल्या घरातला चेक परत आलेला नव्हता बघितला."

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळीच 27,418 रुपये रोख घेऊन गेलो, त्यांच्या बँकेचे 118 धरून. काकूंनी अंगठ्याला थुंकी लावून दोनदा मोजले, तिसऱ्यांदा मदतीच्या मुलीकडून मोजून घेतले. मग पाककृतींच्या वहीतून चेक काढून दिला. त्याला बँकेचा मेमो टाचलेला, आणि माझ्या सहीवर हळदीचं एक बोट उमटलेलं. "वरचे कशाला दिलेत हो," असं म्हणून त्यांनी पैसे कमरेच्या पिशवीत ठेवले.

परवा पुन्हा चार पोळ्या मागितल्या. फोनवरून 60 रुपये पाठवले, हिरवी खूण काकूंना दाखवली. पोळ्या कागदात बांधून तयार होत्या, पण त्यांचा हात पुडक्यावरून हलेना. नजर गल्ल्याशेजारच्या डब्यावर. नेटवर्क नव्हतं. मागे रांग वाढत होती. अखेर डबा खणखणीत आवाजात बोलला, "साठ रुपये प्राप्त झाले."

"घ्या," काकू म्हणाल्या, "गरम आहेत."