सभा तहकूब झाली नाही

आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेले दोन आठवडे एका बाकावरून रण माजलं आहे. धाकट्या चुलतभावाला काकांच्या नावाचा बाक बागेत हवाय. थोरल्याला गल्लीच्या तोंडाशी पाटी हवीय, त्यासाठी महापालिकेच्या नाव समितीकडे अर्ज करायचीही त्याची तयारी आहे. आत्याचं म्हणणं, पुण्यात पाटी लावायला भिंत उरलीय कुठे? मग कुणीतरी नेहमीचं अस्त्र बाहेर काढलं, "तुमच्या अमेरिकेत काय करतात रे अशा वेळी?" ग्रुपवर एवढं लांब कुणी वाचत नाही, म्हणून इथे लिहितो.

काका महापालिकेच्या नगरसचिव कार्यालयात नोकरीला होते. सभेची कार्यपत्रिका काढायची, ठराव आणि उपसूचना धड मराठीत बसवायच्या, सूचक-अनुमोदकांची नावं टिपायची आणि शेवटी इतिवृत्त लिहायचं, असं ते काम. उन्हाळ्यात पाण्यावरून मुख्य सभा तापली की सभागृहात मडकी फुटायची. अशाच एका सभेनंतर काका खिशात खापराचा तुकडा घालून घरी आले. टेबलावर येऊन पडला म्हणाले. काकूने तो तुळशीच्या कुंडीच्या भोकावर ठेवला, माती वाहून जाऊ नये म्हणून. रविवारी त्यांच्या कच्च्या मसुद्यात मी वाचलं, "पाणीपुरवठ्याच्या विषयावर मा. सभासदांनी तीव्र भावना व्यक्त केल्या." मडक्याचा उल्लेख नाही. "तीव्र" हा शब्द मात्र एकदा खोडून पुन्हा लिहिलेला होता.

काका दुपारीच घरी आले की काकू विचारायची, "आज कोण गेलं?" कारण श्रद्धांजली वाहायची आणि सभा तहकूब करायची, ही पुण्याची जुनी रीत. कधी नेता, कधी गायक, कधी माजी नगरसेवक. यावर वर्तमानपत्रांनी पुष्कळ टोमणे मारलेत, आणि ते खोटे नव्हते. कार्यपत्रिकेवरचे विषय पुढच्या तारखेला ढकलले जायचे. पण त्या श्रद्धांजलीचे चार शब्द कुणीतरी तासाभरात जुळवून द्यायचे असत. ते कुणीतरी म्हणजे पुष्कळदा काका.

आता माझ्या अमेरिकेचं. न्यू जर्सीत आल्यावर काही वर्षांनी माझी इमिग्रेशनची फाईल एका सरकारी खात्यात अडकली ती हलेना. शेजाऱ्याने सांगितलं, आपल्या काँग्रेसमनच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहातल्या आपल्या भागाच्या सदस्याच्या, ऑफिसात जा. मी म्हटलं, मला इथे मत नाही, मला कोण विचारतंय? तरी गेलो. एका दुकानांच्या रांगेत, लाँड्रीशेजारी ऑफिस. तिथल्या वयस्क बाईंनी माझ्याकडून एका संमतीपत्रावर सही घेतली, कारण त्याशिवाय खातं माझी माहिती त्यांना देऊ शकत नाही. मग दर पंधरा दिवसांनी त्यांचा फोन. "अजून काही नाही, पण मी विसरलेले नाही." पाचव्या महिन्यात फाईल हलली. मत आहे का, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.

दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. काँग्रेसमन सभागृहात उभे राहिले आणि मिनिटभर त्यांच्याबद्दल बोलले. नाव, गाव, नोकरीची वर्षं, नातवंडांची संख्या. ते सगळं 'काँग्रेशनल रेकॉर्ड'मध्ये छापून आलं. १८७३ पासून निघणारं हे सभागृहाच्या कामकाजाचं अधिकृत पुस्तक, कुणालाही घरबसल्या वाचता येतं. मी व्हिडिओ बघितला आणि डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

पण कॅमेरा जरा मागे गेला तेव्हा बाकं जवळजवळ रिकामी होती. असे गौरव तिथे ढिगाने होतात. हायस्कूलची टीम जिंकली, कुणाची शंभरी भरली, की "आज मी यांच्या सन्मानार्थ उभा आहे". कित्येकदा उभंही राहत नाहीत, नुसता कागद देतात, तरी तो रेकॉर्डमध्ये येतो. प्रतिनिधिगृहाची एक गोष्ट मला आवडते, न बोललेले शब्द ते वेगळ्या टायपात छापतात. काकांना हा प्रामाणिकपणा पटला असता.

शिवाय त्या बाई सभागृहाच्या नोकर नव्हत्या, एका माणसाच्या होत्या. तिथे प्रत्येक सदस्याला अठरा कायम माणसं ठेवता येतात, पण कायम हा शब्द नावापुरता. सदस्याची निवडणूक दर दोन वर्षांनी. तो पडला की मागोमाग यांचंही बस्तान उठतं. त्यामुळे त्या गौरवात मालकाने चाकराची पाठ थोपटल्याचा वास थोडा येतोच. आपल्याकडे सत्ता कुणाचीही येवो, नगरसचिवांचं टेबल जागेवर राहतं. राज्याच्या विधिमंडळासाठी तर घटनेच्या १८७व्या कलमातच स्वतंत्र सचिवालयाची तरतूद आहे. काकांनी चार पक्षांचे महापौर पाहिले आणि कुणाला मत दिलं ते काकूलासुद्धा सांगितलं नाही. हे मला अमेरिकेतल्या त्या मिनिटापेक्षा मोठं वाटतं.

तरी ते मिनिट आपल्याकडे नाही, हेही खरं. पुण्यात बाकावर, कमानीवर, बसथांब्यावर "संकल्पना" म्हणून नगरसेवकाचं नाव असतं, हात जोडलेल्या फोटोसकट. (एका बाकावर मी तीन नावं मोजली होती. बसायला जागा दोघांची.) बाकाचा ठराव ज्याने लिहिला त्याचं नाव कुठे असायचं कारण नाही, ते त्याचं कामच होतं. पण तो निवृत्त होतो त्या दिवशीच्या इतिवृत्तात एक ओळ यायला काय हरकत आहे?

काका २०२३च्या पावसाळ्यात गेले. वैकुंठ स्मशानभूमीतलं सगळं मी फोनवर पाहिलं, मधेच नेटवर्क जात होतं. त्यांच्यासाठी सभा तहकूब झाली नाही. होणार कशी? मार्च २०२२मध्ये नगरसेवकांची मुदत संपली होती, कारभार प्रशासकाकडे होता आणि सभागृहाला कुलूप. तहकूब करायला सभा तर हवी!

आता जवळजवळ चार वर्षांनी निवडणूक होऊन सभागृह पुन्हा भरलं आहे, म्हणून माझं ग्रुपवर म्हणणं असं. बाक नको, पाटी नको. नगरसचिव कार्यालयातून निवृत्त होणाऱ्या आणि निवृत्तीनंतर वारलेल्या प्रत्येकाचं नाव आणि सेवेची वर्षं इतिवृत्तात नोंदवावीत, असा एक ठराव यावा. एकट्या काकांसाठी नको. सभा तहकूब तर अजिबात करू नये, त्यांच्या कार्यपत्रिका पुरेशा पुढे ढकलल्या गेल्या आहेत. मसुदा मी लिहून पाठवलाय. थोरल्याने ग्रुपवर होकाराचा अंगठा टाकला, धाकटा बाकावर अडून आहे.

काकूला फोनवर वाचून दाखवला. तिने शांतपणे ऐकलं, एका ठिकाणी "नोंद घेण्यात यावी" असं करायला लावलं, आणि विचारलं, "सूचक मिळाला का? आणि अनुमोदक?"

अजून नाही. आमच्या प्रभागात चार नगरसेवक आहेत. थोरला शनिवारी पहिल्या दोघांकडे जाणार आहे.