पाचानं भागलं, बाकी एक

दुर्बिणीला लावायला रंगीत कॅमेरा घेतला असता तर यातलं काहीच घडलं नसतं, हे आमच्या घरात आता सर्वमान्य मत आहे. आईचं, बायकोचं आणि वरच्या मजल्यावरच्या काकांचंही. पण रंगीत कॅमेऱ्यात दर चार पिक्सेलमागे दोन हिरवे, एक निळा आणि एकच लाल असतो. तेजोमेघातला, म्हणजे ताऱ्यांमधल्या चमकत्या वायूच्या ढगातला, हायड्रोजन चमकतो तो नेमका लाल, 656.3 नॅनोमीटरवर. म्हणजे चारातले तिघे नुसते पगार खाणार. ते मला बघवेना, म्हणून कृष्णधवल कॅमेरा आणला. त्याच्यापुढे आळीपाळीनं लाल, हिरवा, निळा फिल्टर धरायचा, प्रत्येकातून वेगळा फोटो काढायचा आणि मग ते एकत्र करायचे. जेम्स क्लार्क मॅक्सवेलनं 1861 साली एका रिबिनीचं रंगीत चित्र याच तऱ्हेनं करून दाखवलं होतं. इंदूरकरांना तर हे समजावून सांगायलाच नको: ओला कचरा इकडे, सुका तिकडे, घातक वेगळा, आम्ही उजेडाचं तेच करतो.

फिल्टर बदलायला एक चाक लागतं. चपट्या बंद डबीत फिरणारी तबकडी, तिला भोकं, भोकांत फिल्टर. हबल दुर्बिणीवर 1993 साली बसवलेल्या कॅमेऱ्यात अशी बारा चाकं आणि 48 फिल्टर होते. मला एक चाक आणि पाच फिल्टर पुरणार होते: एक साधा पारदर्शक, तीन रंग आणि एक हायड्रोजनवाला. तयार चाकाची किंमत बायकोला दाखवली. ती म्हणाली, "अहो, एवढ्यात फ्रीज येतो." तेव्हा घरीच करायचं ठरलं.

सामान जेल रोडवर सकाळचे पोहे पचायच्या आत मिळालं. पाच व्होल्टची छोटी स्टेपर मोटर, म्हणजे मोजून पावलं टाकत फिरणारी, तिला वीज पुरवणारा ड्रायव्हर बोर्ड, हुकूम सोडणारा चिमुकला संगणक अर्डुइनो नॅनो, चुंबक जवळ आलं की ओळखणारा हॉल सेन्सर, आणि चिमुकलं चुंबक. इंदुरात कुठल्याच दुकानात मिळत नाही अशी वस्तू एकच, अंधार. आणि फिल्टर व्हील म्हणजे मुळात अंधाराची डबीच. फिरायचं काम काय, पंखाही करतो.

तबकडीसाठी काळं अ‍ॅक्रिलिक हवं होतं. पण काळं दिसणारं प्रत्येक अ‍ॅक्रिलिक काळं नसतं. काहींतून अवरक्त प्रकाश आरपार जातो. आपल्या डोळ्यांना पत्ता लागत नाही, कॅमेऱ्याला लागतो. ओळखायची युक्ती सोपी आहे. टीव्हीचा रिमोट शीटमागे धरून बटण दाबायचं आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघायचं. जांभळट ठिपका दिसला की शीट बाद. तेव्हा आईची मालिका ऐन रंगात असताना रिमोट खिशात टाकून मी नेमप्लेटवाल्याच्या दुकानात गेलो. तो शीटमागून शीट काढत होता आणि मी प्रत्येकीवर आवाज वाढवत होतो. शेवटी त्यानं विचारलं, "भिया, चैनल बदलने से कटेगा क्या?"

शीट कापून दिली मात्र सफाईदार. फक्त सवयीनं विचारलं, "नाम क्या लिखना है?" नाव नको म्हटल्यावर त्याला वाईट वाटलं असावं, कारण तबकडी हातात आली तेव्हा मधोमध छोटासा ॐ कोरलेला होता. "फ्री में, भिया." आईला पूर्ण प्रकल्पातलं तेवढंच आवडलं.

आता आतल्या भिंतींवर उजेडाचा एक कणही उसळायला नको. फळ्याला लावतात तो काळा रंग दिला, आणि फिल्टरच्या आजूबाजूला काळी मखमल. मखमल वीतभरच हवी होती. कापड मार्केटात वीतभर मागणाऱ्या माणसाकडे ज्या नजरेनं बघतात ती सोसण्याची माझी तयारी होती, पण बायकोनं भाच्याच्या बोरन्हाणाच्या काळ्या झबल्यातून उरलेला तुकडा काढून दिला. झबल्यावरची चंदेरी टिकली त्या तुकड्यातही होती. ती उसवायला आमच्यात कुणीही तयार नव्हतं. अखेर मीच उसवली, अवलक्षण केल्याच्या नजरा झेलत.

मग काकांचा प्रवेश. काका बँकेतून निवृत्त झाले आहेत, हे त्यांना बघितल्याबरोबर कळतं. मी त्यांना सांगितलं की मोटरचा बाहेरचा दांडा एका पूर्ण फेरीत 4096 पावलं टाकतो, आणि मला पाच जागी थांबायचं आहे. त्यांनी कागद मागितला नाही, नुसते डोळे मिटले.

"819. आणि बाकी एक. ती एक कुठं जमा करतोस?"

"एका पावलानं काही होत नाही, काका."

"दर फेरीला एक? रात्रभरात किती फेऱ्या? आणि महिन्याअखेर?"

माणूस चूक बोलत नव्हता. म्हणून तर तबकडीच्या कडेला चुंबक आणि डबीत हॉल सेन्सर. प्रत्येक फेरीला चुंबक समोर आलं की मोजणी पुन्हा शून्यावर. "म्हणजे रोजचा हिशेब रोज मिटवायचा," काका म्हणाले, आणि तेव्हापासून ते या यंत्राचे लेखापरीक्षक आहेत. तबकडी नेहमी एकाच दिशेनं फिरवायची, नाहीतर गिअरच्या दातांतली ढिलाई मध्ये येते, हेही त्यांना पटलं. उलट्या नोंदींवर त्यांचा विश्वास नव्हताच.

उजेड गळतो का हे बघायला रात्री खोलीत अंधार केला, कॅमेऱ्याचं तोंड झाकलं, पाच मिनिटांचं एक्सपोजर लावलं आणि डबीच्या सांध्यावरून टॉर्च फिरवली. फोटो एका कोपऱ्यात उजळ आला. सांधा नव्हे, ड्रायव्हरचा बोर्ड! त्याच्यावर चार लाल दिवे असतात, मोटर पाऊल टाकते तेव्हा लुकलुकतात. नॅनोवर आणखी एक, आपण जिवंत असल्याचं कळवायला. बनवणाऱ्यांना दिव्यांचं इतकं वेड का, हे मला कळत नाही. सगळ्यांच्या तोंडाला काळी चिकटपट्टी लावली. टॉर्च तोंडात धरलेला मी आणि काळोखी खोली बघून आईनं दाराबाहेरूनच विचारलं, "मीटरमध्ये काही झालंय का रे?"

दुसरी परीक्षा सकाळी गच्चीवर. दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा बनियन ताणून बसवायचा, आकाशाचा एकसारखा उजेड घ्यायचा, चाक पूर्ण फिरवून पुन्हा घ्यायचा आणि एका फोटोला दुसऱ्यानं भागायचं. धुळीच्या कणांची वर्तुळं पुसली गेली तर चाक बरोबर जागी परतलं. वर्तुळं पुसली गेली. शेजारच्या गच्चीवर पापड घालणाऱ्या काकूंनी मात्र बनियन घातलेल्या दुर्बिणीकडे पाहून चौकशी केली नाही, आणि ते जास्त लागलं.

खरी रात्र संक्रांतीनंतर आली. मृग नक्षत्रातला तेजोमेघ, सुमारे तेराशे प्रकाशवर्षं लांबचा, गच्चीवरून छान वर दिसत होता. त्याच रात्री गल्लीत बारात. डीजेच्या गाडीवरचे दिवे आकाशात रंग उधळत होते, आमच्याकडे नसलेलेही. हायड्रोजनचा फिल्टर इथे कामाला येतो. आपला अरुंद लाल पट्टा सोडून तो बाकी सगळी बारात दाराबाहेर ठेवतो. चाक घुर्र करून जागी आलं, थांबलं, फोटो पडद्यावर उतरला. घरचे सगळे रजया पांघरून लॅपटॉपभोवती जमले.

"काळापांढराच आहे की," बायको म्हणाली.

"रंग नंतर, सगळे एकत्र केल्यावर."

"मग ते चाक कशाला फिरत होतं?" आईनं विचारलं. यावर मॅक्सवेलकडेही उत्तर असेल असं वाटत नाही, निदान रात्री दीडला मालवी थंडीत.

रंगीत चित्र दोन दिवसांनी तयार झालं, आणि ते बरं आलं. त्यामुळे लोभ वाढला. हबलनं 1995 साली गरुड तेजोमेघातले वायू आणि धुळीचे ते प्रसिद्ध खांब टिपले ते गंधक, हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या फिल्टरमधून. माझ्याकडे हायड्रोजन आहे. आणखी दोन घेतले की सात भोकं. हे फक्त काकांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटले.

"585. बाकी पुन्हा एक." थोडं थांबून म्हणाले, "नऊ केलीस तरी एकच. आठ कर. 512, बाकी शून्य. एक भोक रिकामं राहू दे."

त्यांचा चेहरा इतका समाधानी होता की पुढचं मी बोललो नाही. मोटर बनवणारे तिचं गिअर गुणोत्तर 64 सांगतात, पण आतले दात मोजून हिशेब केला तर ते 63.68 च्या आसपास निघतं, आणि त्यामुळे 4096 हा आकडाच मुळात खरा नाही. काकांची ईसीजी पुढच्या आठवड्यात आहे. ती होऊन जाऊ दे.