जिथे वास, तिथे पक्षी

पक्ष्यांना निसर्गसौंदर्याची अजिबात आवड नसते. हे मी आता कुठल्याही पक्षितज्ज्ञासमोर ठासून सांगेन. कॅलेंडरवरचं बदक निळ्याशार तळ्यात कमळांच्या शेजारी पोहत असतं. खरं बदक पुण्याजवळच्या कवडीपाटला, पांढऱ्या फेसात, फुटक्या थर्माकोलच्या शेजारी पोहतं आणि वर खूश दिसतं.

नवरा निवृत्त झाला तेव्हा मैत्रिणींनी मला सावध केलं होतं. कुणाचा नवरा फोडणीत लक्ष घालू लागला होता, कुणाचा सोसायटीच्या कमिटीत. आमच्या ह्यांनी दुर्बीण आणली. मला वाटलं, सुटले! हे बाल्कनीत बसतील, समोरच्या गुलमोहरावरचा दयाळ बघतील आणि मी दहापर्यंत झोपेन. पण बाल्कनीतले पक्षी आठवड्यात संपले. नोव्हेंबरात ५ ते १२ तारखेला, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, राज्यात पक्षी सप्ताह असतो. आमच्या घरात तो होळीपर्यंत चालतो.

कवडीपाट सोलापूर रस्त्यावर, लोणी काळभोरच्या अलीकडे. मुळा-मुठा सगळं पुणं पोटात घालून तिथे येते, बंधाऱ्यावरून पडते आणि फेसाळते. थंडीत तिथे चक्रवाक उतरतात, लडाख-तिबेटकडचे. हो, तेच, संस्कृत कवींचे. रात्री नर एका तीरावर, मादी दुसऱ्या तीरावर आणि मध्ये विरह. कवडीपाटला पाच मिनिटं उभी राहिले आणि मला त्या विरहाचं कारण उमगलं. दोघांपैकी एकाला तरी वाऱ्याची दिशा बरी मिळावी, एवढाच हेतू असणार.

यामागे शास्त्र आहे, असं सर सांगतात. (आमच्या पक्षिनिरीक्षणाच्या ग्रुपच्या म्होरक्याला सगळे सर म्हणतात. ते बँकेत होते.) मैलापाण्यातून खत मिळतं, शेवाळ माजतं, किडे-अळ्या वाढतात, आणि थापट्या बदक आपल्या रुंद चोचीतून ते पाणी गाळत दिवसभर जेवत राहतं. मात्र यालाही माप आहे. जलपर्णीनं नदीचं पात्र झाकून टाकलं की बदकांना उतरायला पाणीच दिसत नाही. इथे पूर्वी किती पक्षी यायचे ते जुने लोक हळहळत सांगतात. थोडक्यात, घाण पक्ष्यांना चालते, पण बेताची. तो बेत आपल्या शहराला अजून साधलेला नाही.

मुंबईचीही तीच कथा. लोक पाहुण्यांना गेटवे दाखवतात. माझ्या नणंदेनं मला भांडुप पंपिंग स्टेशन दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी शिवडीचा चिखल. चिखलात हजारो रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उभे होते, गुलाबी, माना खाली घालून. ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ साली जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत जागा मिळाली, हे तिनं मला मोठ्या अभिमानानं सांगितलं. रुमाल नाकावरच होता.

बरं, वास सहन केला तरी पक्षी दिसेल याची खात्री नाही.

“अगं, ती बाभूळ दिसतेय का?”

“कुठली?”

“ती गं, वाळकी फांदी असलेली.”

नदीकाठी बाभळीशिवाय दुसरं झाड नव्हतं आणि वाळकी फांदी नसलेली बाभूळ मी अजून पाहिलेली नाही. तेवढ्यात सर दबक्या आवाजात ओरडले, “अकरा वाजता! अकरा वाजता!” मी घड्याळात बघितलं, पावणेसात झाले होते. म्हटलं, चला, तोवर डबा उघडून घेऊ. मी उपमा वाढायला घेतला आणि बारा जणांनी माझ्याकडे असं बघितलं, की त्या नजरांसाठी दुर्बिणीची गरज नव्हती. अकरा वाजता म्हणजे घड्याळातल्या अकराच्या दिशेला, समोर किंचित डावीकडे, हे मला मागाहून कळलं.

तुतवार नावाच्या मंडळींपासून तर देव वाचवो. सगळे तपकिरी, सगळे शेपटी हलवतात. त्यातला कोण कुठला हे म्हणे पायांच्या रंगावरून ठरवायचं, आणि पाय कायम चिखलात. एकदा एका तुतवाराच्या पायांवरून, ते पिवळट की हिरवट, दोन सद्गृहस्थांचा इतका वाद झाला की पक्षी कंटाळून उडून गेला. वाद लोणीच्या टपरीवर, दुसऱ्या चहापर्यंत चालला.

जानेवारीत बिल्डिंगमधल्या बायका वाण लुटत फिरत होत्या, तेव्हा मी हळदी-कुंकू बदकासमोर बसले होते. चोचीच्या टोकाला पिवळा पट्टा, बुडाशी दोन लाल ठिपके. वाण काही दिलं नाही त्यानं, उलट पाठ फिरवली.

भिगवण मात्र मला मनापासून आवडतं. उजनी धरणाच्या फुगवट्याचं पाणी मोकळं, ऊन कोवळं, आणि वास आला तरी तो माशांचा. तिथे पट्टकादंब येतात. ते हिमालय ओलांडून येतात, आम्ही हडपसर ओलांडून जातो. दोघंही पोचल्यावर बराच वेळ काही न बोलता बसतो. कुंभारगावचा आमचा नावाडी विशीतला पोरगा. त्यानं वल्हं मारता मारता सरांना सांगितलं, “सर, तो शिक्रा नाय, दलदल ससाणा हाय. मादी.” सरांनी दुर्बीण पुसली, पुन्हा बघितलं आणि वहीत खाडाखोड केली. त्या एका वाक्यासाठी मी त्या पोराला होडीच्या भाड्यावर शंभर रुपये जास्त दिले. शिवाय काठावर उतरल्यावर तळलेली चिलापी आणि गरम भाकरी. पक्षिनिरीक्षणाचा हा भाग पुस्तकांत नीट आलेला नाही.

अलिबागजवळच्या आक्षीच्या किनाऱ्याबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. ओहोटीचं वेळापत्रक बघून निघायचं, पाण्यापर्यंत अर्धा तास चालायचं आणि मग कुरव, म्हणजे सीगल, ओळखायचे. मोठ्या कुरवांना वयात यायला चार वर्षं लागतात आणि दर वर्षी त्यांची पिसं वेगळी दिसतात. आमच्या धाकट्यानं बारावीनंतर शाखा बदलल्या त्या तरी दोनच.

जंगलात हवा स्वच्छ असते. म्हणूनच तिथे काही दिसत नाही. पानांआड ‘चिविट’ असा आवाज होतो आणि सगळे माना वर करून “पर्णवटवट्या” म्हणतात. कुठला पर्णवटवट्या, हे पुन्हा आवाजावरूनच ठरतं. अपवाद सिंहगडाच्या पायथ्याच्या दरीचा. तिथे छोट्याशा डबक्यावर पक्षी अंघोळीला येतात आणि भोवती झाडाझुडपांच्या रंगाचे कपडे घालून, हातभर लांब कॅमेरे रोखून माणसं दबा धरून बसतात. नीलिमा आली, डुबकी मारली, पंख झटकले, गेली. शटरचा असा कडकडाट झाला की कुणा मंत्र्याचं विमान उतरलंय असं वाटावं. आम्ही सगळे पहाटे साडेचारला, अंघोळ न करता, दुसऱ्याची अंघोळ बघायला घरातून निघालो होतो, हे कुणालाच खटकलं नाही.

या नादाचा परिणाम संसारावर व्हायचाच होता. मागच्या महिन्यात मुलासाठी फ्लॅट बघायला गेलो. एजंट चांगला अनुभवी होता. हॉल दाखवला, मॉड्युलर किचन दाखवलं, बेडरूममध्ये मात्र जाड पडदा ओढलेला आणि खिडकी बंद. ह्यांनी पडदा सारला, खिडकी उघडली. खाली नाला. एजंटनं मान खाली घातली आणि किमतीचं आपण बघू, बसून बोलू, असं काहीतरी पुटपुटायला लागला.

“अगं, लवकर ये!” हे ओरडले. “शेकाट्या! चार! आणि तो करडा धोबी... खंड्या! अगं, खंड्यासुद्धा आहे!”

मी मागून हातानं खुणा करत होते, पण दुर्बीण डोळ्यांना लावलेल्या माणसाला मागचं दिसत नाही. एजंटनं एकदा नाल्याकडे बघितलं, एकदा ह्यांच्याकडे आणि मग हातातली फाइल हळूच मिटली.

“सर,” तो म्हणाला, “या साइडच्या फ्लॅटला जरा प्रीमियम आहे.”