नव्या कर्नलने डिस्क मंद केली का?

लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्यांमध्ये एक दावा वर्षानुवर्षं फिरतोय: कर्नल (लिनक्सचा गाभा) जसजसं नवं होत गेलं तसतशी फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडण्याची व्यवस्था) मंदावली. पुरावा म्हणून २.६.३१ आणि २.६.३२ या कर्नल आवृत्त्यांमधली डेटाबेसच्या वेगाची घसरण दाखवतात, ‘एकाच मशिनवर मोजलंय’ असं बजावतात आणि वर उपायही देतात: जुनं कर्नल ठेवा, नाहीतर बॅरिअर (डेटा डिस्कवर खरंच उतरला याची खात्री करणारी सोय) बंद करून डिस्क माउंट करा, म्हणजे वापरासाठी जोडा. नवशिकी मुलं हे वाचून तसंच करतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘२.६.३२मध्ये ईएक्सटी४ (लिनक्सची एक फाइल सिस्टिम) बिघडली.’ आकडा घसरला हे खरंच. पण का घसरला? व्यवहार पक्का करताना डेटाबेस एफसिंक करतो, म्हणजे कर्नलला सांगतो की डेटा डिस्कवर कायमचा उतरल्याशिवाय मला ‘झालं’ म्हणू नकोस. आता डिस्कला स्वतःचाही कॅश, म्हणजे तात्पुरती मेमरी, असतो आणि वीज गेली की त्यातलं सगळं जातं. त्यामुळे तो रिकामा करण्याचा हुकूम कर्नलने डिस्कला द्यावा लागतो. आधीच जागा मिळालेल्या फाइलमध्ये जुन्यावर नवं लिहिलं, तर ईएक्सटी४कडून हा हुकूम काही वेळा जातच नव्हता. डेटाबेसच्या फाइली आणि व्हर्च्युअल मशिनच्या डिस्क इमेज नेमक्या याच जातीच्या. डिसेंबर २००९मध्ये आलेल्या २.६.३२ने ही चूक सुधारली.

पटत नसेल तर साधा हिशोब करा. ७२०० आरपीएमची (मिनिटाला ७२०० फेऱ्यांची) डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते, एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. एकच क्लायंट एकामागून एक व्यवहार पक्के करतोय, तर प्रत्येक वेळी साधारण एका फेऱ्याची वाट बघणं आलंच. म्हणजे सेकंदाला १२०च्या आसपास. त्याच डिस्कवर, बॅटरीवाला कंट्रोलर (वीज गेली तरी कॅश जपणारा) नसताना, कुणी हजार व्यवहार दाखवत असेल तर ते तबकडीपर्यंत पोहोचलेलेच नाहीत. जुन्या कर्नलचा तो उंच आकडा असा होता.

बॅरिअर बंद केल्यावर, म्हणजे कॅश रिकामा करण्याचा तो हुकूमच थांबवल्यावर, काय होतं हे मी एका दुकानात पाहिलंय. कुणीतरी ‘वेग वाढवायला’ तो पर्याय घालून ठेवला होता. दुपारी वीज गेली, यूपीएसने मान टाकली. मशिन पुन्हा चालू केलं तर गिऱ्हाइकाच्या हातात छापील बिल आणि डेटाबेसमध्ये त्या नंबरची नोंदच नाही. मालक बिलबुकाच्या कार्बन कॉपी काढून रात्री उशिरापर्यंत एकेक नोंद हाताने भरत बसले होते. हा सल्ला वाटणाऱ्यांनी तो रात्री नोंदी भरत बसलेला मालक डोळ्यांसमोर आणावा, एवढीच माझी कळकळ आहे.

‘मोठी फाइल लिहून बघा, फरक डोळ्यांना दिसतो.’ डीडी या कॉपी करणाऱ्या कमांडने १ जीबीची फाइल लिहिली आणि साध्या हार्ड डिस्कवर सेकंदाला दीड जीबी दिसलं, तर तुम्ही रॅम मोजलीत. शेवटी एफसिंक करायला लावा. वाचनाचा वेग मोजायचा तर आधी सिंक करून कर्नलचा पेज कॅश (फाइलींचा रॅममध्ये ठेवलेला भाग) रिकामा करा किंवा रॅमच्या दुप्पट फाइल घ्या. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

‘मशिन तेच, मग फरक फाइल सिस्टिमचाच.’ इथे मात्र चांगली जाणती माणसंही फसतात. मार्च २०१९मध्ये आलेल्या कर्नल ५.०मधून ब्लॉक लेयरचा (डिस्कशी बोलणाऱ्या थराचा) जुना एकरांगी मार्ग गेला आणि त्याच्यासोबत सीएफक्यू हा शेड्युलरही (डिस्कच्या कामांचा क्रम ठरवणारा भाग) गेला. तेव्हा ४.२०वर सीएफक्यू चालत असेल, तर ५.०शी तुलना करताना तुम्ही दोन शेड्युलर तोलताय. जानेवारी २०१८मध्ये मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या सुरक्षात्रुटीवरचा उपाय आला तेव्हा इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरवर प्रत्येक सिस्टिम कॉल (प्रोग्रामने कर्नलला सांगितलेलं काम) महागला. हजारो बारक्या फाइली उघडण्या-मिटण्याची चाचणी त्यामुळे मंदावते. त्यात फाइल सिस्टिमचा काय दोष?

आणखी एक खाचखळगा आहे. २.६.३७पासून ईएक्सटी४चं फॉरमॅटिंग झटपट उरकतं, कारण आयनोड टेबलं (प्रत्येक फाइलची माहिती ठेवणारे तक्ते) कोरी करण्याचं काम मागे ठेवलेलं असतं. पहिल्यांदा माउंट केलं की एक कर्नल थ्रेड ते काम पार्श्वभूमीत करत बसतो. लोक फॉरमॅट करतात आणि लगेच मोजायला लागतात. चाचणी आणि तो थ्रेड एकाच डिस्कवर झुंजतात, आणि खापर फुटतं नव्या कर्नलच्या डोक्यावर. दोन कर्नलांसाठी दोन पार्टिशन वापरणाऱ्यांनाही सांगायला हवं की हार्ड डिस्कच्या बाहेरच्या कडेवरचा वेग आतल्या कडेपेक्षा बराच जास्त असतो.

नवं कर्नल कधी खरंच मंद होत नाही, असं मी म्हणत नाही. होतं, आणि ते पकडलंच पाहिजे. त्यासाठी पार्टिशन एकच ठेवा, दर वेळी नव्याने फॉरमॅट करा, ते आळशी आयनोडकाम बंद ठेवा. माउंटचे पर्याय आणि शेड्युलर लिहून ठेवा. चाचणी निदान पाच वेळा चालवा आणि सरासरीबरोबर सगळे आकडे दाखवा. एवढं करूनही फरक उरला तर गिट बायसेक्ट (दोष आणणारा बदल शोधणारी कमांड) लावा. दोन आवृत्त्यांमध्ये दहा-बारा हजार बदल असले तरी अर्धे-अर्धे करत चौदा फेऱ्यांत एका बदलावर बोट ठेवता येतं. तो सापडला की त्याच्या लेखकाने सोबत लिहिलेला खुलासा आधी वाचा. ‘याआधी डेटा हरवत होता’ असं तिथे असेल, तर तक्रार नोंदवू नका.