मॉनिटरमध्ये काय मागतो त्यावरून गवई कळतो

पंचवीस वर्षं झाली, मी मैफली मागून ऐकतोय. मिरजेत आमचा साउंडचा धंदा आहे. मिक्सरचं टेबल कायम हॉलच्या मागच्या अंगाला असतं, त्यामुळं श्रोत्यांचे चेहरे मला कधी दिसतच नाहीत. दिसतात त्या माना. टकलं, गजरे, मफलर, कानटोप्या. पण मानेवरून पुष्कळ कळतं बरं का. गाणं लागलं की माना जराशा पुढं येतात आणि तिथंच राहतात, समेला, म्हणजे ताल फिरून पहिल्या मात्रेवर आला की, तेवढ्या हलतात. गाणं सुटलं की मान आधी शेजाऱ्याकडं वळते, मग खाली जाते. खाली म्हणजे मोबाइलमध्ये. हल्ली तर अंधारात निळे चौकोन मोजले तरी कार्यक्रम कसा चाललाय ते सांगता येतं.

परवा एका मंडळाचा पोरगा दुकानात आला होता. म्हणाला, "काका, तुम्ही एवढे प्रोग्राम बघता. पब्लिकला नेमकं काय आवडतं? आवाज? दिसणं? गाण्यांची निवड? की मधलं बोलणं?" त्याला बजेट बसवायचं होतं, निवेदिकेवर किती आणि एलईडी पडद्यावर किती. मी त्याला पडद्याचा रेट सांगून वाटेला लावला. खरं उत्तर तिथं उभ्याउभ्या देता आलं नसतं, म्हणून इथं लिहितोय. लांबेल. वेळ नसेल तर सोडून द्या.

माझं उत्तर असं, की ऐकणारा कलाकार लोकांना आवडतो. गाणारे, वाजवणारे ढिगानं आहेत. स्टेजवर बसून दुसऱ्याचं ऐकणारे कमी आहेत.

हे मला कळलं मॉनिटरमुळं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गवयाच्या पुढ्यात तिरका ठेवलेला एक स्पीकर असतो, त्याचं तोंड लोकांकडं नसून त्याच्याकडं असतं. त्यात काय किती द्यायचं ते तो साउंड चेकला सांगतो. पंचवीस वर्षांत मी एक गोष्ट मनाशी पक्की केली आहे. पहिल्या पाच मिनिटांत गवई मॉनिटरमध्ये काय मागतो त्यावरून मला रात्रीचा अंदाज येतो. काहीजण म्हणतात, "माझा आवाज द्या. अजून. अजून. तबला काढा, पेटी काढून टाका, फक्त मी." आणि काहीजण म्हणतात, "तंबोरा जरा वर घ्या. तबल्याचा डग्गा ऐकू येतोय ना त्यांना? मग मला थोडा चालेल." हे दुसरे लोक आले की मी निवांत असतो. पहिले आले की मॉनिटरचा आवाज परत माइकमध्ये शिरून शिट्टी वाजेल या भीतीनं मी रात्रभर फेडरवरचं, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या दांडीवरचं, बोट काढत नाही.

यात गंमत अशी, की लोकांना मॉनिटर म्हणजे काय हे माहीतही नसतं. पण स्वतःचाच आवाज मागणाऱ्याच्या मैफलीत माना लवकर खाली जातात. आवाज उत्तम असला तरी. कारण तबलजीनं एखादी सुंदर तिहाई घेऊन, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून, सम गाठली आणि गवयाच्या ती गावीही नाही, हे शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसतं. त्याला तिहाई कळत नसेल, पण दुर्लक्ष कळतं. घरात, ऑफिसात तेच बघून तो इथं आलेला असतो.

आमच्या गावात हे जरा जास्त जाणवतं, कारण मिरजेला ऐकायची जुनी खोड आहे. सतारी आणि तंबोरे बनवणाऱ्यांचं हे गाव. ती घराणी मूळची शिकलगारांची, तलवारींना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात त्यांनी भोपळा आणि तुणीचं लाकूड हातात धरलं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचं, मानांकन मिळालं, तेव्हा पेपरात फोटोबिटो आले. पण त्या गल्लीत कधी जवारी काढताना, म्हणजे तारेला गुंजन यावं म्हणून तारांखालची घोडी घासताना, बसून बघा. कारागीर घोडीवर कानस एकदा फिरवतो, तार छेडतो, थांबतो, ऐकतो. परत एकदा, परत थांबतो. घासण्याचं काम थोडं, ऐकण्याचं फार. शेवटी तारेखाली सुताचा धागा सरकवून जिथं तार बोलायला लागते तिथं तो सोडून देतो.

किराणा घराण्याचे मोठे गवई अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असताना त्यांना त्रास व्हायला लागला. ते सिंगापेरुमाळकोइल नावाच्या एका लहानशा स्टेशनावर उतरले, आणि शेवटच्या घटकेला त्यांनी तंबोरा लावायला सांगितला, असं आमच्याकडची जुनी माणसं सांगतात. त्यांची कबर इथं मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे. उरुसाला तिथं संगीतसभा होते, कलाकार हजेरी लावायला म्हणून येतात. चिंचेखाली बसून लोक रात्र रात्र ऐकतात. खुर्च्यांचे दर नाहीत, पहिली रांग व्हीआयपी नाही. भाजीवाले, डॉक्टर, शाळकरी पोरं, सगळी एका जाजमावर. तिथल्या माना मी सगळ्यात जास्त मानतो. फुकट ऐकणाऱ्याला उठून जायला काहीच लागत नाही. तरी तो बसला तर समजावं.

आता एक किस्सा. कोणाचा ते सांगत नाही. एका गायिकेचं गाणं होतं, लहान हॉल, शंभरेक माणसं. तंबोरा मोबाइलवरच्या अ‍ॅपचा, तो मी वायरनं मिक्सरमध्ये घेतलेला. फोन त्यांच्याच शिष्येचा. विलंबित ख्याल रंगात आलेला, आणि कोणीतरी त्या पोरीला फोन केला. तंबोरा गप्प आणि सगळ्या हॉलभर धडाधड रिंगटोन! माझ्या पोटात गोळा. मी चॅनल बंद केला, पण आता तंबोराच नाही. बाई थांबल्या नाहीत. हसल्या, पेटीवाल्याकडं नुसतं बघितलं. त्यानं षड्ज, म्हणजे सा, धरला. तबलजीनं ठेका एकदम हलका केला, जवळजवळ बोटांवर. आणि त्या त्याच षड्जावर बसून राहिल्या, मला वाटतं दोन पूर्ण आवर्तनं. शिष्या थरथरत फोन एरोप्लेन मोडवर टाकून तंबोरा परत चालू करेपर्यंत. तंबोरा आला तेव्हा तिघंही नेमके त्याच्यावर होते, केसाचाही फरक नाही. हॉलमध्ये जी वाहवा उठली, ती त्या रात्रीच्या कुठल्याही तानेला उठली नाही. पुढं दीड तास एकही मान खाली गेली नाही.

आणि दुसरीकडं हे. एक नावाजलेले कलाकार, पुन्हा नाव नाही. मॉनिटर एवढा वाढवायला लावला की शिट्टी येणारच होती. मी सांगितलं, ऐकलं नाही. दुसऱ्या गाण्यात आली. त्यांनी माइकवरून विचारलं, "साउंडवाले झोपले का?" लोक हसले. मीही हसलो, काय करणार. मग पेटीवाल्याला माइकवरूनच, "सूर सांभाळा." या वेळी निम्मे हसले. मग तबलजीला लय वाढवायची खूण, तीही अशी की सगळ्यांना दिसावी. तिसऱ्या वेळी कोणीच हसलं नाही. मध्यंतरानंतर मागच्या चार रांगा रिकाम्या. आवाजात काही कमी नव्हतं हो त्यांच्या. नाव मोठं असलं की पहिली वीस मिनिटं खुर्च्या भरलेल्या राहतात. नावाची ताकद माझ्या हिशेबानं तेवढीच.

कोणी म्हणेल, म्हणजे गोड वागणारा कलाकार लोकांना आवडतो, एवढंच म्हणायचंय तुला. अजिबात नाही. किशोरीताई आमोणकर घ्या. गोड वागण्यासाठी कोणी त्यांचं तिकीट काढत नव्हतं. हॉलमधली कुजबुज खपायची नाही, तंबोरे लागेपर्यंत सुरुवात नाही, लोक घड्याळ बघायचे आणि बाहेर येऊन कुरकुरायचे. मी त्यांना एकदाच समोर बसून ऐकलं, तेही तिकीट काढून. त्यांच्या त्या हट्टाला लोक अहंकार म्हणायचे. मला साउंडवाला म्हणून वेगळं वाटलं. ती बाई ऐकत होती. आपल्याला जे ऐकू येत नव्हतं ते तिला ऐकू येत होतं आणि ते तिला सोसत नव्हतं. कुरकुरणारे लोक पुढच्या मैफलीला परत रांगेत असायचे, ते उगीच नाही.

नाट्यसंगीताच्या सुवर्णकाळाचं आपल्याकडं फार कौतुक होतं. वन्समोअर, अत्तर, भरजरी शालू. पण बालगंधर्वांच्या मागं तबल्याला अहमदजान थिरकवा आणि सारंगीला कादरबक्ष बसायचे, हे त्या कौतुकात मागं पडतं. एवढी तालेवार माणसं नाटकाच्या साथीला ठेवायची म्हणजे नटालाही दुसऱ्याचं ऐकायची हौस पाहिजे. वन्समोअर आला की गंधर्व तेच पद परत वेगळं गायचे म्हणतात. ते वेगळं येणार कुठून? मागून कोणीतरी काहीतरी नवीन देणार, आणि पुढचा ते घेणार, तेव्हा.

म्हणूनच ट्रॅकवरच्या कार्यक्रमांशी माझं जमत नाही. धंदा म्हणून करतो, महिन्याला चार-पाच असतात, पोट त्याच्यावरच आहे, खोटं कशाला बोलू. सुरेल गाणारी हौशी मंडळी असतात, समोर टॅबवर शब्द, मागं मायनस ट्रॅक, म्हणजे गाणाऱ्याचा आवाज वगळून आधीच रेकॉर्ड केलेली साथ. पण ट्रॅक कोणासाठी थांबत नाही. अंतरा चुकला तर ढोलकीवाला एक आवर्तन फिरवून गाणाऱ्याला सांभाळून घेतो, वर डोळा मारतो. ट्रॅक पुढं निघून जातो आणि गाणारा त्याच्यामागं पळत सुटतो, बस सुटल्यासारखा. शिवाय गाणाऱ्यांचे डोळे त्या टॅबवर. लोक इतक्या लांब त्यांच्या डोक्याचा भांग बघायला येत नाहीत.

याच्यापेक्षा आमच्या शेजारच्या गावातलं भजनी मंडळ बघा. आवाज फाटके, एकाची पट्टी काळी दोन, दुसऱ्याची काळी पाच. पण गोल करून बसतात, एकमेकांच्या तोंडाकडं बघत. पखवाजवाला चढला की टाळकरी उभे राहतात, मग बुवा चढतो. मला तिथं दोन माइक लावून चहा पीत बसायचं एवढंच काम. रात्री दोनला लोक जागे असतात.

आता टाळ्यांबद्दल, कारण या विषयावर माझं डोकं फिरतं. "जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!" "आवाज येत नाहीये मिरजकर!" अरे बाबा, आवाज येत नाही तो कशामुळं ते ऐक की जरा. मागून घेतलेली टाळी मला मिक्सरवर लगेच कळते. ती एकदम चालू होते आणि एकदम बंद होते, नळासारखी. खरी टाळी कुठून तरी कोपऱ्यातून सुटते, पसरते, रेंगाळते. कधीकधी खऱ्या गाण्यानंतर टाळी यायला दोन क्षण उशीरच होतो. त्या दोन क्षणांत निवेदक "वा वा वा, क्या बात है" करत माइकवर तुटून पडतो. निवेदकांनो, रागवू नका, पण तेवढे दोन क्षण आमचे असतात. मी हल्ली तुमचा फेडर सावकाश उघडतो, हे आज कबूल करून टाकतो.

मोठ्या मैदानावरच्या कार्यक्रमांना मी नावं ठेवत नाही. तिथं गायक ध्रुवपदाला माइक लोकांकडं फिरवतो आणि हजारो माणसं गातात. काहीजण ते दम घ्यायला करतात, काहीजण खरंच कान देऊन उभे राहतात आणि लोकांनी लय ओढली तर ती लय धरून परत गाण्यात शिरतात. हा फरक वीस वर्षांच्या पोरांनाही कळतो. आमच्या पुतणीनं एका गायकाबद्दल सांगितलं, "काका, त्यानं आमचं ऐकलं." कपडे काय होते, पडद्यावर काय होतं, तिला आठवेना.

तर मंडळाच्या पोरा, तू हे वाचत असशील तर तुझं बजेट असं बसव. पडदा लहान घे. ट्रॅकऐवजी चार वाजवणारे आण, एखाद्या गाण्याला चुकले तरी चालतील. पाहुण्यांची भाषणं दोनावर आण, रात्री दहाला स्पीकर बंद करायचाय आणि ती दहा मिनिटं गाण्यातूनच जातात. वाद्यं लावायला पडद्यामागं निदान अर्धा तास दे, तेव्हा सत्काराचे हार घेऊन मध्ये मध्ये शिरू नको. कलाकार ठरवताना त्याचे रील बघू नको. त्याच्या तबलजीला फोन कर आणि विचार, यांच्याबरोबर परत बसायला आवडेल का. तो "हो" म्हणायला किती वेळ घेतो तेवढं ऐक.

आणि चहा मागच्या टेबलापर्यंत येऊ दे. दर वर्षी तो पाचव्या रांगेतच संपतो.